सगळ्या पक्षांच्या तारखा एका कागदावर छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राजकीय पक्षांची करमाफी हा विषय निवडणूक जवळ आली की आपल्या पत्रांच्या सदरात येतो आणि दरवेळी पत्रे दोनच प्रकारची असतात. एकात आयकर खाते सरकारच्या सांगण्यावरून विरोधकांना छळते असे म्हटलेले असते, दुसऱ्यात नियम मोडलात तर आता भरा पैसे असे. मी एका लहान नोंदणीकृत पक्षाची खजिनदार म्हणून एकोणीस वर्षे पावत्या फाडल्या. आता वह्या दुसऱ्याच्या हाती दिल्या आहेत, कोणतेही पद नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

पक्षाचे नाव देत नाही. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागातच आमचे काम. वर्गणी देणारे म्हणजे बेदाण्याच्या सौद्यावर पेट्या उचलणारे हमाल, लहान द्राक्षबागायतदार, काही शिक्षक. वीस रुपयांचे एक पावतीपुस्तक आणि शंभराचे एक. चांगल्या वर्षी सहा-सात लाख जमायचे, पाऊस गेला की निम्मेही नाही. दिवसा मी पतसंस्थेत हिशेबनीस. रात्री जेवणे उरकली की पक्षाची कीर्द लिहायला बसायचे. फाडलेल्या प्रत्येक पावतीची स्थळप्रत आजही गठ्ठा बांधून कपाटात आहे.

करमाफीची अट मला तोंडपाठ आहे. १९६१च्या आयकर कायद्याचे कलम १३-अ हे १९७९पासून लागू झाले. निवडणूक आयोगाकडे नोंदलेल्या पक्षाच्या देणग्या, व्याज, घरभाडे यांवर कर नाही. बदल्यात वह्या ठेवायच्या, सीएकडून तपासून घ्यायच्या, वीस हजारांवर देणगी देणाऱ्याचे नाव-पत्ता लिहायचा आणि त्याची यादी आयोगाला द्यायची. २०१७च्या अर्थसंकल्पाने आणखी दोन अटी घातल्या. दोन हजारांवरची देणगी रोखीत घ्यायची नाही आणि विवरणपत्र मुदतीतच भरायचे. दोहोंपैकी एक चुकली तरी त्या वर्षाची करमाफी जाते.

ही दोन हजारांची अट आली त्या वर्षी एक ऊस-उत्पादक शेतकरी बिल मिळाल्यावर पाच हजार रुपये घेऊन घरी आले होते. दरवर्षी द्यायचे. मी त्यांना म्हटले, काका, दोन हजारच घेता येतील, बाकीचा चेक द्या. जिल्हा बँकेत खाते होते, चेकबुक कधी घेतलेले नव्हते. त्यांनी दोन हजार दिले, तीन हजार पुन्हा धोतराच्या कनवटीला लावले आणि मला म्हणाले, बाई, माझ्या पैशाला काय डाग लागलाय का? मला फार वाईट वाटले. पण ते तीन हजार मी घेतले नाहीत. पुढच्या वर्षी ते आलेच नाहीत.

म्हणून काँग्रेसच्या प्रकरणाकडे मी पक्षाच्या नजरेने नाही, खजिनदाराच्या नजरेने पाहते. त्या पक्षाने २०१८-१९ या कर-आकारणी वर्षात, म्हणजे आदल्या वर्षाच्या उत्पन्नासाठी, १९९ कोटी १५ लाखांवर करमाफी मागितली. वाढवून दिलेली मुदत होती ३१ डिसेंबर २०१८. विवरणपत्र भरले २ फेब्रुवारी २०१९ला. तेहतीस दिवस उशीर. शिवाय दोन हजारांच्या वरच्या रोख देणग्या निघाल्या १४ लाख ४९ हजारांच्या. जुलै २०२१मध्ये करमाफी नाकारली गेली आणि सुमारे १०५ कोटींची मागणी निघाली. पुढे व्याज धरून ती १३५ कोटींच्या घरात गेली. पहिले अपील २०२३मध्ये फेटाळले गेले, जुलै २०२५मध्ये दिल्लीच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने पक्षाचे मुख्य अपीलही फेटाळले.

निकाल मला कायद्याला धरून वाटतो. माझ्याकडे सीएंची फौज नव्हती, तरी मी त्याच हिवाळ्यात रोज संध्याकाळी तासगावहून सांगलीला एसटीने जाऊन सीएंच्या टेबलाशी बसत होते, कारण मुदत चुकली तर पक्ष बुडेल हे मला ठाऊक होते. आमचे विवरणपत्र २७ डिसेंबरला गेले. देशातल्या सर्वात जुन्या पक्षाला ते जमले नसेल तर दोष त्यांच्या खजिन्याचा. २०२१ची मागणी अडीच वर्षे डोक्यावर असताना तिच्या स्थगितीसाठी वेळेवर धावपळ का केली नाही, हेही त्यांनीच सांगायचे आहे.

पण इथे माझे बोलणे संपत नाही. मुदतीची ती अट लागू झाल्याचे ते पहिलेच वर्ष होते. त्या वर्षी देशात दोन हजारांहून अधिक पक्ष नोंदलेले होते. त्यातल्या किती जणांनी विवरणपत्र भरले? किती जणांनी मुदतीत भरले? उशीर केलेल्या किती जणांची करमाफी गेली? रोख दोन हजारांच्या वरची एक तरी पावती किती जणांच्या वह्यांत सापडली आणि त्यांचे काय केले? १९९ कोटी आणि तेहतीस दिवस हे आकडे देशाला पाठ झाले. बाकीच्या रकान्यात काय लिहिले आहे हे कुणाला दाखवलेले नाही.

मागणी २०२१ची होती. वसुलीचा बडगा उगारला गेला फेब्रुवारी २०२४मध्ये. १५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना बिननावाने देणगी देण्याचे निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि १६ तारखेला काँग्रेसने आपली बँक खाती गोठवल्याचे जाहीर केले. न्यायाधिकरणाने त्याच दिवशी थोडी मोकळीक दिली, तरी सुमारे ६५ कोटी खात्यांतून वसूल झाले. मार्चच्या शेवटी जुन्या वर्षांच्या आणखी नोटिसा आल्या आणि एकूण आकडा साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला. १९ एप्रिलला मतदानाचा पहिला टप्पा होता. १ एप्रिलला आयकर खात्याने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की निवडणुका होईपर्यंत सक्तीची वसुली करणार नाही. हे शहाणपण खात्याने न्यायालयात उभे राहण्याआधी, स्वतःहून का दाखवले नाही? उसाचे बिल येण्याच्या आदल्या आठवड्यात कर्जाच्या वसुलीला माणूस पाठवायचा नाही, एवढे आमच्या पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्यालाही कळत होते. त्याने कर्ज बुडत नसे.

त्याच दिवसांत काँग्रेसने दावा केला की याच मापाने मोजले तर भाजपकडून ४,६१७ कोटी रुपये निघतात. हा दावा खरा आहे असे मी म्हणत नाही आणि खोटा आहे असेही म्हणत नाही. दोन्ही बाजूंना मतदारांपुढे तो सिद्ध करता किंवा खोडता येईल असा सरकारी कागदच उपलब्ध नाही, हीच माझी तक्रार आहे.

आणि निवडणूक रोख्यांचे काय? ज्या २०१७च्या दुरुस्तीने माझ्या शेतकरीकाकांचे तीन हजार परत पाठवले, त्याच दुरुस्तीने रोख्यातून येणाऱ्या देणगीची नोंद ठेवण्यातून पक्षांना सूट दिली. कोटींचा रोखा बिननावाचा चालत होता आणि त्यावरही करमाफी होतीच. सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, पण तोवर सहा वर्षे गेली होती. आयकर अधिकाऱ्याचा इथे दोष नाही, त्याने छापलेला कायदा पाळला. समान वागणूक म्हणताना मात्र हेही मोजले पाहिजे.

जुन्या माणसांना आठवत असेल, एके काळी खाते पक्षांना काहीच विचारत नव्हते. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९९६ रोजी निकाल दिला तेव्हा उघड झाले की १९७९पासून बहुतेक मोठे पक्ष विवरणपत्रच भरत नव्हते आणि खात्यानेही पाठपुरावा केला नव्हता. सतरा वर्षे सगळ्यांना मोकळीक, आणि मग एकाला तेहतीस दिवसांचा हिशेब. कडकपणा आला याचे मला समाधान आहे. तो सर्वांपर्यंत पोहोचला का, एवढेच विचारायचे आहे.

आता लहान पक्षांबद्दल. आमच्याबद्दल खात्याला संशय येतो आणि त्याला कारण आहे. २०१९मध्ये बाहेरगावचे एक गृहस्थ आमच्या अध्यक्षांकडे आले. म्हणाले, तुमच्या खात्यात चेकने देणग्या येतील, पन्नास लाखांपासून सुरुवात करू. पाच टक्के तुम्ही ठेवा, बाकीचे रोख परत करा. देणगीदाराला कलम ८०-जीजीसीखाली पूर्ण रकमेची वजावट मिळते, त्यामुळे त्याचा कर वाचतो आणि पैसेही परत येतात. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ही वही मी लिहिते आणि मी हे लिहिणार नाही. चहा तसाच ठेवून ते गेले. पण दुसऱ्या कुठल्या तरी दारात त्यांना हो म्हणणारे भेटले असणार, कारण हा धंदा जोरात चालला. ७ सप्टेंबर २०२२ला खात्याने अशा नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांवर देशभर छापे घातले. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५मध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ पक्ष यादीतून काढले. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले हे पक्ष. आम्ही विधानसभेची एक जागा दोनदा लढवली, अनामत दोन्ही वेळा गेली, पण नोंदणी वाचली. या साफसफाईला माझा पाठिंबा आहे. बोगस पक्षांमुळे सर्वात जास्त मान खाली जाते ती आमच्यासारख्यांची.

२०२२च्या छाप्यांनंतरच्या हिवाळ्यात आम्हालाही आयकर खात्याच्या एका कार्यालयाची नोटीस आली. तीन वर्षांच्या सर्व देणगीदारांची नावे, पत्ते, पॅन क्रमांक आणि देणगी देण्याचे कारण, मुदत पंधरा दिवस. सर्व म्हणजे वीस रुपयेवालेसुद्धा. कायदा नाव मागतो वीस हजारांच्या वर. हमालाच्या वीस रुपयांचा पॅन मी कुठून आणू? मी आणि माझी सून सात रात्री बसून स्थळप्रतींवरून नावे उतरवत होतो. चार हजारांवर नावे झाली, पत्ता म्हणून ‘मार्केट यार्ड, तासगाव’ एवढेच लिहिता आले. कागद पोहोचल्याची पोच मिळाली. नंतर अकरा महिने काही नाही. मग एका ओळीचा ईमेल आला की प्रकरण बंद. का उघडले होते, काय पाहिले, काय पटले, एक शब्द नाही.

ते अकरा महिने फार वाईट गेले. गावात बातमी फिरली की पक्षाची चौकशी लागली आहे. सौद्यावरच्या पोरांनी पावती घेणे बंद केले, पैसे द्यायचे पण नाव लिहू नका म्हणायचे. बिननावाची पावती मी फाडत नाही, त्यामुळे ते पैसे सोडले. त्या वर्षी जमा झाली एक लाख ऐंशी हजारांची.

आमचे एक देणगीदार निवृत्तीला आलेले प्राथमिक शिक्षक. मार्च २०२३मध्ये त्यांनी चेकने अकरा हजार दिले आणि वजावट घेतली. व्यवहार शंभर टक्के खरा, पावती माझ्या हातची. २०२५च्या उन्हाळ्यात त्यांच्या मोबाइलवर संदेश आला की वजावट चुकीची असल्यास विवरणपत्र दुरुस्त करा. गुरुजी घाबरून घरी आले. मी वही उघडून पावती दाखवली, म्हटले, गुरुजी, तुमचे काही चुकलेले नाही. ते म्हणाले, दोन-अडीच हजारांच्या करासाठी मी वकील लावू का, पेन्शनच्या कागदात काही अडकले तर? त्यांनी कर अधिक भुर्दंड भरून वजावट मागे घेतली. जुलै २०२५मध्ये खात्याने सांगितले की चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले. त्यातले बहुतेक खोटे असतीलही. गुरुजींचे अकरा हजार खोटे नव्हते.

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. माझे गाऱ्हाणे ऐकून त्याने मला त्यांच्याकडचा एक सरकारी अहवाल समजावून सांगितला. त्याच्या जवळच्याच सिनसिनाटी शहरात त्यांच्या आयकर खात्याचा, आयआरएसचा, करमाफीचे अर्ज तपासणारा विभाग आहे. २०१०पासून तिथल्या लोकांनी नावात ‘टी पार्टी’, ‘पेट्रियट्स’ असे शब्द असलेल्या गटांचे अर्ज बाजूला काढायला सुरुवात केली. ओबामांच्या सरकारला विरोध करणारे हे गट. त्यांच्या महानिरीक्षकाने मे २०१३मध्ये अहवाल छापला. राजकीय म्हणून बाजूला काढलेल्या २९६ फायली त्याने मोजल्या. १०८ मंजूर, २८ जणांनी अर्ज मागे घेतले आणि १६० फायली २०६ ते १,१३८ दिवस नुसत्या पडून होत्या. एकही अर्ज नाकारला नव्हता. नाकारला तर अपील करता येते, पडून ठेवला तर काय करायचे? २७ गटांकडे तर देणगीदारांची नावे मागितली होती. ते वाचताना मला माझ्या सात रात्री आठवल्या.

पण त्या अहवालाइतकाच मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटला. आयआरएसच्या प्रमुखपदाचा कार्यभार सांभाळणारा अधिकारी गेला, करमाफी विभागाच्या प्रमुख लोइस लर्नर यांना संसदेच्या समितीपुढे उभे राहावे लागले. न्याय खात्याने २०१५मध्ये तपास बंद करताना म्हटले की कारभार ढिसाळ होता, गुन्हा करण्याचा हेतू दिसला नाही. २०१७मध्ये महानिरीक्षकाने दुसरा अहवाल दिला तेव्हा दिसले की ‘प्रोग्रेसिव्ह’, ‘ऑक्युपाय’ अशा डाव्या नावांचे गटही असेच बाजूला काढले गेले होते. म्हणजे पहिली चार वर्षे अर्धा देश जे शपथेवर सांगत होता ते अर्धेच चित्र होते. त्याच वर्षी सरकारने न्यायालयात काही गटांची माफी मागितली आणि चारशेवर गटांना मिळून ३५ लाख डॉलर द्यायचे कबूल केले. हे सगळे होऊ शकले, कारण कुणीतरी फायली मोजल्या आणि दिवस मोजले.

आपल्याकडे ही मोजणी करणारी यंत्रणा नव्याने उभारायला नको. धर्मादाय संस्थांना मिळणाऱ्या करमाफीची तपासणी सरकारी जमाखर्च तपासणाऱ्या कॅगने केलेली आहे आणि २०२२मध्ये त्याचा अहवाल संसदेपुढे आला आहे. तशीच तपासणी राजकीय पक्षांच्या करमाफीची करावी. विवरणपत्रे गोपनीय आहेत ही सबब चालणार नाही, कारण केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २००८मध्येच पक्षांची विवरणपत्रे माहिती अधिकारात देण्यासारखी आहेत असा निर्णय दिला आहे. तरीही मी गेल्या वर्षी फक्त तारखा मागितल्या, तेव्हा मला ‘तृतीय पक्षाची माहिती’ म्हणून नकार मिळाला. अपील केले आहे.

मला देणगीदारांची नावे नकोत, रकमा नकोत. दर वर्षासाठी पक्षागणिक एक ओळ हवी. मुदत कोणती होती, विवरणपत्र कधी आले, करमाफी दिली की नाकारली, नाकारली तर कोणत्या अटीवर, मागणी कधी निघाली, वसुली कधी सुरू केली. आणि एक वेगळा रकाना उशीर माफ केल्याचा. धर्मादाय संस्थांचा तपासणी अहवाल उशिरा आला तर तो उशीर माफ करण्याची परिपत्रके केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने वेळोवेळी काढली आहेत. पक्षांच्या बाबतीत तसे कधी झाले असेल तर कुणासाठी, हे दिसले पाहिजे. ज्या आमदार-खासदारांना आपल्या पक्षावर अन्याय झाला असे वाटते, त्यांनी संसदेत हा तक्ता मागावा. ज्यांना अन्याय झालाच नाही असे वाटते, त्यांनीही मागावा.

लहान पक्षांसाठी एवढेच मागते की नोटीस काढताना कायद्याने जेवढी नावे ठेवायला सांगितली आहेत तेवढीच विचारावीत आणि प्रकरण बंद करताना दोन ओळींचे कारण लिहावे. ते पत्र मी मार्केट यार्डच्या फलकावर लावले असते.

सुरुवात आमच्यापासून करते. २०१८-१९ : मुदत ३१ डिसेंबर २०१८, भरले २७ डिसेंबर २०१८, करमाफी मिळाली. २०२३-२४ : मुदत ३० नोव्हेंबर २०२३, भरले १४ नोव्हेंबर २०२३, करमाफी मिळाली. दोन हजारांवरची रोख देणगी दोन्ही वर्षी एकही नाही. बाकीच्या वर्षांच्या वह्या कुणाला पाहायच्या असतील तर नव्या खजिनदारांकडे आहेत, मी सोबत येऊन दाखवीन.

आपली,
एका लहान पक्षाची माजी खजिनदार
तासगाव, जि. सांगली